राहत्या घरी

येत्या आठवड्यात उपनगरात कुठे काय आहे हे कळायच्या तीन जागा होत्या: सभागृहाच्या फाटकावरचा फळा, शेवटच्या बसथांब्याजवळचं केस कापायचं दुकान आणि कर्णेकाका. फळ्यावरचा खडू पोरं येताजाता बोटांनी पुसत आणि दुकानात बातमीला दाढीमिशा फुटत. म्हणून भरवसा ठेवायचा तर तो काकांवरच. एक जुना तीनचाकी टेंपो, टपावर पत्र्याचा कर्णा आणि उजव्या हातात माइक. डाव्या हाताने गाडी आणि उजव्या हाताने उपनगर चालवतो, असं ते स्वतःच सांगत. त्यांचं खरं आडनाव वीजबिलावर होतं आणि तिथून ते कधी बाहेर पडलं नाही.

काका आले की आधी बिगुलाची धून यायची. टेप जुनी झाल्यामुळे तिसऱ्या सुराला बिगुल जरा खोकायचा. मग काकांचा आवाज: "रसिकहो, चला, चला, चला. येत्या शनिवारी सायंकाळी सभागृहात बालगोपाळांसाठी जादूचे प्रयोग. रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर फुलांचं प्रदर्शन. आणि त्याच दिवशी संध्याकाळी आपल्या नाट्यमंडळाचं, न भूतो न भविष्यति असं तीन अंकी नाटक." त्या नाटकाला मागल्या वर्षी पहिल्या अंकानंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. पण काकांच्या कर्ण्यात शिरलं की ससा हत्ती होऊन बाहेर पडे, आणि लोकांनाही ते चालत असे. त्या कडेच्या वस्तीत संध्याकाळ घालवायची कुठे, हा सगळ्यांचाच प्रश्न होता.

कुणी गेलं तर तेही काकाच सांगत. तेव्हा धून नसे. टेंपो माणसाच्या चालीने जाई. आधी नाव, मग एक श्वास, मग बाकीचं, आणि शेवटाकडे कुठेतरी "राहत्या घरी" हे शब्द. हा नियम कुणी केला नव्हता, तो आपोआप पडला होता. स्वयंपाकघरात भांडी घासणाऱ्या बाईला बिगुल ऐकू आला की तिचे हात चालूच राहत. बिगुलाशिवाय नुसता आवाज आला की हात थांबत आणि नळ बंद होई. सगळ्या उपनगराला हे ठाऊक होतं. काकांना मात्र आपण असं काही करतो याचा पत्ता नव्हता. माणसाला आपलं घोरणं कुठे ऐकू येतं?

सभागृहाच्या मागच्या गल्लीत काकांचं दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत खिडकीशी शिवणाचं मशीन आणि मशीनशी काकू. नाट्यमंडळाचे राजे, राक्षस, शाळेच्या नाचातली फुलपाखरं, जादूगाराचा आतून सतरा खिसे असलेला कोट, सभागृहाचा तो अवजड मखमली पडदा, सगळं त्या खिडकीतून बाहेर पडलेलं. पोरगं दारातून आत येईपर्यंत त्याचं माप काकूंच्या डोळ्यांनी घेऊन झालेलं असे. मापाची टेप लावायची ती पोराच्या आईचं समाधान व्हावं म्हणून. नाटकाच्या दिवशी काकू शेवटच्या रांगेत बसत आणि पहिला अंक संपायच्या आत घरी येत. "पुढचं काय बघायचंय?" म्हणत. "कुणाची शिवण उसवली नाही, एवढं कळलं की झालं."

त्या वर्षी काकू आजारी पडल्या. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, आणि ते बाजूला घेणं काकूंनी खुर्चीतून पाहिलं, त्यामुळे त्यांना वेगळं सांगायचं काही उरलंच नाही. रस्त्यात त्यांनी एवढंच विचारलं, "नवीन वर्ष बघेन का?" काका गाडीचा गिअर शोधत राहिले. घरी आल्यावर काकूंनी बजावलं, "हे बाहेर कुणाला कळता कामा नये. लोक आंबट तोंडं करून येतील आणि मीच त्यांची समजूत काढत बसेन." काकांनी कबूल केलं. ज्या माणसाच्या तोंडून उपनगराची प्रत्येक बातमी बाहेर पडत होती, त्याने स्वतःच्या घरच्या बातमीवर कुलूप घातलं आणि किल्ली गिळली.

त्यानंतरची एक दुपार. काकू परीचे पंख शिवत होत्या. मशीन चालवायची ताकद राहिली नव्हती, म्हणून हातशिलाई. काका आतल्या खोलीत नव्या नाटकाची घोषणा घोळवत होते. लेखक अमुक, दिग्दर्शक तमुक, नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत.

"कपडे म्हणत नाही तुम्ही कधी," काकू म्हणाल्या.

"अगं, ते लिहून देतात तेवढंच मी बोलतो."

"मी कुठे तक्रार करतेय?" काकूंनी दातांनी दोरा तोडला. "माझं नाव कर्ण्यावरून एकदाच यायचंय. आणि नेमकं तेव्हा मी ऐकायला नसणार. बघा म्हणजे झालं."

त्या हसल्या. काका हसले नाहीत. बायकोच्या थट्टेत खरं किती आणि खोटं किती, हे एवढ्या संसारात त्यांना चांगलं कळत होतं. आजवर त्यांनी कुणाकुणाची नावं गल्लोगल्ली मिरवली होती. सायकल शर्यतीत तिसरा आलेला, सर्वांत मोठा भोपळा पिकवणारी, शिट्टीवर गाणी वाजवणारा पोस्टमन. आणि घरात मात्र "अगं". काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. त्या रात्री त्यांना अन्न गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते सभागृहाच्या कचेरीत गेले. चिटणीस माणूस वाईट नव्हता. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. हा गोड बोलून हात बांधून टाकायचा. काकांनी सांगितलं, या नाटकाच्या घोषणेत काकूंचं नाव घालू या, जमलं तर पडदा उघडायच्या आधी त्यांना मंचावर बोलावू या.

"मागणी अगदी रास्त आहे, काका," चिटणीस म्हणाला. "पण असं बघा, आज काकूंचं नाव घेतलं तर उद्या सुतार म्हणेल माझं का नाही. परवा दिवेवाला. खुर्च्या लावणारे आहेत. यादी कुठे थांबवायची? वार्षिक समारंभात आपण पडद्यामागच्या सगळ्यांचा मिळूनच सत्कार करू."

"वार्षिक समारंभ उन्हाळ्यात असतो."

"तेव्हाच. घाई काय आहे?"

घाई काय आहे, हे काकांच्या ओठावर आलं होतं. पण शब्द दिलेला. ते "बरं" म्हणून उठले. दारात त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं, तोवर चिटणीस टेलिफोनवर जादूगाराच्या कबुतरांची सोय विचारत होता.

शनिवारी सकाळी काकांनी नेहमीची फेरी केली. बिगुल, रसिकहो, चला चला चला. ती आटोपून ते बसथांब्याशी थांबले, बेकरीतून बिस्किटांचे पुडे घेतले आणि टेंपोत बसून राहिले. त्यांच्या मनाने घेतलं होतं की सभागृह मंडळाचं असेल, पण कर्णा आपला आहे आणि घरही आपलं आहे. संध्याकाळी दहा-बारा माणसं घरी यावीत, चार चांगले शब्द बोलावेत, बिस्किटं खावीत. आणि मुख्य म्हणजे काकूंनी खिडकीत बसून आपलं नाव ऐकावं. त्यांनी टेपच्या बटणाकडे हात नेला आणि मागे घेतला. तो खोकणारा बिगुल कबुतरांसाठी ठीक होता. हिच्यासाठी नको. गाडीही त्यांनी हळू घेतली, कारण शब्द न् शब्द नीट ऐकू जायला हवा होता. आणि सुरुवात नावाने केली, कारण कधीपासून तेच ओठावर येऊन थांबलं होतं.

पूर्ण नाव. मग एक श्वास, कारण पुढचं सगळं एका दमात सांगायचं होतं. मग: "आपल्या सर्वांच्या काकू. गेली कित्येक वर्षं या उपनगरातल्या प्रत्येक नाटकाचे, प्रत्येक नाचाचे कपडे त्यांनी शिवले. त्या कधी रंगमंचावर आल्या नाहीत. ज्यांच्या अंगावर त्यांच्या हातचं काही चढलं असेल, त्यांनी आज त्यांची आठवण करावी आणि त्यांच्या राहत्या घरी येऊन जावं, ही नम्र विनंती."

पहिल्याच गल्लीत चमत्कार झाला. खिडक्या उघडल्या. कुणाचा तरी रेडिओ बंद झाला. फुटपाथवरून चाललेल्या एका म्हाताऱ्याने टोपी काढून छातीशी धरली. काकांच्या अंगावर काटा आला. इतकं शांतपणे या लोकांनी त्यांचं कधी ऐकलं नव्हतं. न भूतो न भविष्यति म्हणून घसा फोडला तरी कुणी मान वर करत नसे, आणि हिच्या नावाला टोपी निघते. दुसऱ्या गल्लीत किराणावाल्याने दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं. एक तरुण बाई बाल्कनीत पदराने डोळे पुसत उभी होती. काकांना वाटलं, आपणच करंटे, जे आजवर थांबलो. आता त्यांचा आवाज मोकळा झाला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत बायकोचं नाव घेत चालले होते. असं सुख त्यांना कधी मिळालं नव्हतं, हे इथे सांगितलं पाहिजे, कारण पुढच्या वळणावर ते संपलं.

वळणावर केस कापायच्या दुकानाचा मालक हातात कात्री घेऊन रस्त्यात आला. अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक त्याच्या मागे उभं होतं. त्याने टेंपोच्या खिडकीत हात घालून काकांचा खांदा धरला. "काका, तुम्ही कशाला आलात गाडी घेऊन? आम्ही सांगितलं असतं सगळ्यांना."

"का बरं? मीच सांगायला हवं."

"कधी गेल्या?" त्याने विचारलं.

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. मग टेपच्या बटणाकडे पाहिलं. अर्ध्यावर ओढलेलं शटर, टोपी, बंद झालेला रेडिओ, सगळं एकदम त्यांच्या अंगावर आलं. दुकानदाराला वाटलं, दुःखाने वाचा बसली. तो म्हणाला, "तुम्ही घरी चला, गाडी मी आणतो." पण काकांनी टेंपो फिरवला आणि आजवर कधी हाकला नव्हता इतक्या जोरात तो घराकडे हाकला. उभ्या उपनगराला त्यांनी सांगितलं होतं की माझी बायको मेली. आणि ते तिने स्वतः खिडकीत बसून ऐकलं होतं.

गल्लीच्या तोंडाशीच गर्दी होती. लोकांच्या हातात फुलं होती. काकांना पाहून लोक बाजूला झाले, पण त्यांच्या तोंडावर दुःखापेक्षा काहीतरी वेगळंच होतं, परीक्षेत पकडलेल्या पोरांसारखं. काका आत शिरले.

काकू खुर्चीत बसल्या होत्या. अंगावर शाल, मांडीवर परीचे पंख. समोर माणसं भिंतीला टेकून, खिडकीत, मशीनच्या टेबलाला धरून उभी. सगळ्यांत आधी बेकरीवाला आला होता. दार काकूंनीच उघडलं, तेव्हा त्याच्या हातातला फुलांचा गुच्छ खाली पडला आणि तोही पडायच्या बेतात होता. "आत या," काकू म्हणाल्या होत्या. "फुलं आणलीत ती पाण्यात ठेवते." मागोमाग दुसरे आले, तिसरे आले. माफी मागून परत फिरायला लागले, तेव्हा काकूंनी सगळ्यांना थांबवलं.

"मेल्यावर काही बोलणार होतात ना?" त्यांनी विचारलं. "मग बोला. मी बसले आहे. पुन्हा यायचे कष्ट कशाला?"

काका दारात आले तेव्हा बस कंडक्टर बोलत होता. धिप्पाड माणूस, पण आवाज खाली आलेला. लहानपणी तो अस्वल झाला होता. मंचावर जायच्या आधी भीतीने रडायला लागला. काकूंनी अस्वलाच्या पंजाच्या आत एक मोठं बटण शिवून ठेवलं होतं. "तुम्ही म्हणालात, भीती वाटली की हे मुठीत धर, कुणाला दिसत नाही. मी गच्च धरून उभा राहिलो. नंतर आई आजारी होती, दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो, तेव्हाही मी मूठ तशीच धरली होती. रिकामीच होती, पण धरली होती."

मग शाळेतली एक शिक्षिका पुढे आली. लहानपणी तिचा हात भाजलेला होता, कोपरापासून वर सगळा व्रण. नाचाच्या बाईंनी बिनबाह्यांचे झगे सांगितले होते. मापं झाली आणि झगे आले, तेव्हा सगळ्याच मुलींच्या बाह्या मनगटापर्यंत. नाचाच्या बाई काकूंवर खूप रागावल्या होत्या. "तुम्ही म्हणालात, चूक झाली, कापड उरलं होतं म्हणून लावल्या. मला कुणी काही विचारलं नाही त्या दिवशी. मी काही बोलले नाही तुम्हाला. आज बोलते."

"चूक कसली," काकू म्हणाल्या. "कापड कमीच पडलं होतं. घरची चादर कापली."

काकांना त्या चादरीचं ठाऊक नव्हतं. ते उंबऱ्यातच उभे होते. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि बोटानेच सांगितलं, बसा खाली, ऐका.

चिटणीस आला तो घामाघूम होऊन. त्याला बाहेर कुणी काही सांगितलं नव्हतं, किंवा मुद्दाम सांगितलं नव्हतं. त्याच्या हातात टाइप केलेला कागद होता. काकूंना पाहून तो कागद पाठीमागे नेऊ लागला. "काय आणलंत?" काकूंनी विचारलं.

"नाही, ते... उद्याच्या शोकसभेचं. नाटकाच्या आधी. मोठ्या सभागृहात."

नाव घ्यायला ज्या मंडळाला उन्हाळा उजाडायला हवा होता, त्या मंडळाने तासाभरात मोठं सभागृह मोकळं केलं होतं. जिवंत माणसाला जागा नसते. मेला की सगळे उठून खुर्ची देतात. काकू मात्र रागावल्या नाहीत. "वाचा," म्हणाल्या. त्याने वाचलं. त्यात त्या मंडळाचा आधारस्तंभ होत्या, कलेच्या निःस्वार्थ उपासक होत्या, त्यांच्या जाण्याने न भरून येणारी पोकळी निर्माण झाली होती.

"खांब-बिंब काढून टाका," काकू म्हणाल्या. "शिवायच्या, एवढं ठेवा. आणि तुमच्या कोटाचं डाव्या खांद्याचं अस्तर सुटलंय. इथे आहातच तर काढून द्या."

चिटणीसाने कोट काढून दिला. भर खोलीत तो सदऱ्यावर उभा राहिला आणि काकूंनी सुईत दोरा ओवला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा गेला. हात किती बारीक झालेत ते सगळ्यांना दिसत होतं, आणि काकू आजारी आहेत हे न सांगता सगळ्यांना कळलं. कोट परत घेताना चिटणीस म्हणाला, "मला ठाऊक नव्हतं, काकू." एवढंच तो खरं बोलला त्या दिवशी, आणि तेवढं पुरेसं होतं.

माणसं गेल्यावर काका जमिनीवर बसूनच होते. बिस्किटांचे पुडे टेंपोतच राहिले होते. "मी तुला जिवंतपणी मारलं," ते म्हणाले आणि लहान पोरासारखे रडू लागले.

"अहो, क्षणभर मलाही वाटलं, गेले वाटतं मी," काकू म्हणाल्या. "मग पाठ दुखली, तेव्हा कळलं आहे अजून." काका रडतच होते, तेव्हा त्यांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "ऐकलं ना मी? खिडकीतून सगळं ऐकलं. लोकांचंही ऐकलं. एवढं कुणाच्या नशिबात असतं? तुम्ही शहाण्यासारखं नीट सांगितलं असतं ना, तर चार माणसं येऊन बिस्किटं खाऊन गेली असती."

नवीन वर्ष काकूंनी पाहिलं नाही. त्याआधीच एका सकाळी त्या गेल्या, खिडकीशी, हातात काही नसताना. चिटणीस आला. म्हणाला, काका, तुम्ही बसा, गाडीची किल्ली द्या, घोषणा मी करतो, तुम्ही करायचात तशीच करतो.

"नको," काका म्हणाले. "सांगून झालंय."

जवळपासच्या लोकांना कळलं तसे ते आले. कंडक्टर आला, शिक्षिका आली. कुणापाशी बोलायला नवं काही नव्हतं, म्हणून सगळे नुसते बसले. काकांना ते बरं वाटलं.

पण घोषणा झाली नाही, त्यामुळे लांबच्या गल्ल्यांत कळलंच नाही. काही आठवड्यांनी दारावर थाप पडली. नव्यानेच राहायला आलेली एक बाई उभी होती, हातात पडद्याचं कापड. "इथे एक काकू शिवण करतात ना? मला शेजारणीने पत्ता दिला."

आयुष्यभर काकांनी माणसांच्या जाण्याची बातमी गाडीत बसून, काचेआडून, कर्ण्यातून दिली होती. ऐकणाऱ्याचं तोंड त्यांना कधी बघावं लागलं नव्हतं. आता एक बाई हातभर अंतरावर उभी होती आणि उत्तराची वाट बघत होती. कसं सुरू करायचं ते त्यांना सुचेना. आवाज किती ठेवायचा तेही कळेना.

"ती गेली," ते म्हणाले. अगदी हळू, जेमतेम ऐकू येईल इतकं.

"अरेरे. मला माहीत नव्हतं. माफ करा," बाई म्हणाली आणि वळू लागली.

"कुठल्या खिडकीला लावायचाय?" काकांनी विचारलं.

"पुढच्या खोलीच्या."

"मग तिने दुहेरी अस्तर लावलं असतं. आपल्याकडे पुढच्या खोल्यांत दुपारचं ऊन येतं." ते दारातून बाजूला झाले. "हे तिचं मशीन. इथे बसायची ती." आणि मग ते तिच्याबद्दल सांगू लागले, एकेक, आठवेल तसं. बाईला घाई होती, पण ती कापड हातात धरून ऐकत उभी राहिली.